किल्ली कोण आणणार? दुकान-साखळ्यांच्या संचालकांना खुलं पत्र

दुकान-साखळ्यांचे संचालक आणि त्यांच्या सुरक्षा विभागांचे प्रमुख यांना,

सप्रेम नमस्कार.

मी कुलपांचं काम करतो. आधी घरं, कार्यालयं, तिजोऱ्या असं काम असायचं. गेल्या काही वर्षांत त्यातला मोठा हिस्सा तुमच्याकडून येऊ लागला आहे. दाढीची पाती, टूथपेस्ट, कपडे धुण्याची पावडर, बाळाच्या दुधाचे डबे यांच्यापुढे सरकत्या काचा बसवायच्या आणि त्यांना कुलपं लावायची. तेव्हा या पत्राने मी माझ्याच पोटावर पाय देतो आहे, याची मला कल्पना आहे. तरी लिहितो, कारण कुलूप बसवणाऱ्याला जे दिसतं ते कागदावरच्या अहवालात येत नाही.

मागच्या महिन्यात एका दुकानात तुटलेली किल्ली काढायला गेलो होतो. किल्लीचं अर्धं पातं कुलपाच्या सिलिंडरमध्ये, म्हणजे किल्ली जिथे जाते त्या नळीत, राहिलं होतं. कपाटासमोर गुडघ्यावर बसून, कपाळाला बॅटरी लावून, बारीक आकड्याने तो तुकडा ओढत होतो. शेजारच्या कपाटापाशी एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी मदतीचं बटण दाबलं. छतावरच्या स्पीकरमधून घोषणा झाली, कोणत्या विभागात मदत हवी आहे ती, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशी. कोणी आलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा घोषणा. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "भाऊ, एवढं जरा उघडून देता का?" बोट होतं मोठ्या माणसांच्या डायपरच्या पाकिटाकडे. "घरी ती एकटी आहे," असंही म्हणाले.

"काका, याची किल्ली माझ्याकडे नाही हो," मी म्हणालो. ते खरंच होतं. पण त्या कपाटाचं कुलूप मीच बसवलं होतं आणि ते उघडायला मला मिनिटभरही लागलं नसतं. दुसऱ्याचं कुलूप परवानगीशिवाय उघडायचं नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम, म्हणून हात आवरला.

तिसऱ्या घोषणेनंतर एक मुलगी धावत आली. गल्ल्यावरची रांग तशीच सोडून आली होती. तिच्या जुडग्यात अकरा किल्ल्या होत्या, सगळ्या एकसारख्या दिसणाऱ्या, चौथी लागली. पाकीट बाहेर काढलं, पण ते गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं नाही, गल्ल्यापर्यंत आपणच न्यायचं, असा तिथला नियम. मग ती पाकीट घेऊन पुढे आणि ते काका रिकाम्या हातांनी तिच्या मागे. त्या माणसाने आयुष्यात कधी काही चोरलं असेल असं मला वाटत नाही.

हे एका शाखेचं किंवा त्या मुलीचं गाऱ्हाणं नाही. तिने जेवढं शक्य होतं तेवढं केलं. माझं म्हणणं तुमच्याशी आहे आणि ते एकच आहे: तुम्ही माणूस कमी करून त्याच्या जागी कुलूप लावता आहात, आणि कुलूप ही माणसावाचून न चालणारी वस्तू आहे. उघडं फडताळ स्वतःच विक्री करतं. कुलूपबंद कपाटातली प्रत्येक वस्तू विकायला किल्ली घेऊन कोणीतरी यावं लागतं. कुलूप लावलं त्या दिवशी तुम्हाला माणूस वाढवायला हवा होता. बहुतेक ठिकाणी मला उलटं दिसतं.

थोडं मागे जाऊन बघा. १९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' नावाचं दुकान काढलं. गिऱ्हाइकाने स्वतः फडताळांमधून फिरावं, हवं ते उचलावं आणि बाहेर पडताना पैसे द्यावेत, ही रचना तिथे रुळली आणि १९१७ मध्ये तिचं पेटंटही निघालं. त्याआधी माल काउंटरमागे असायचा आणि तो काढून द्यायला माणूस असायचा. त्या माणसाचा खर्च वाचला, माल स्वस्त झाला, गिऱ्हाईक चार वस्तू जास्त घेऊ लागलं. तुमचा सगळा धंदा याच पायावर उभा आहे. गिऱ्हाइकाच्या हाताला माल लागला तर काही चोरीला जाणार, हा त्या सौद्याचाच भाग होता. आज तुम्ही काचेच्या रूपाने तो काउंटर परत आणला आहे. काउंटरमागचा माणूस मात्र परत आणलेला नाही.

चोरी खोटी आहे असं मी म्हणत नाही. रिकामी पिशवी घेऊन आलेला माणूस हाताने अख्खी रांग त्यात लोटतो आणि दारातून निघून जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तेव्हा गल्ल्यावरच्या मुलांच्या चेहऱ्यावर काय असतं तेही पाहिलं आहे. त्यांना अडवायची मुभा नसते, आणि नसावीच. साबणाच्या डब्यासाठी कोणी चाकूसमोर उभं राहू नये. नेमक्या याच वस्तू का जातात, याचा अभ्यासही झाला आहे. गुन्हेशास्त्रज्ञ रोनाल्ड क्लार्क यांनी १९९९ मध्ये मांडलं, की जी वस्तू सहज लपवता येते, उचलून नेता येते, समोर उपलब्ध असते, किमतीची असते, लोकांना हवीशी असते आणि पुढे पटकन खपवता येते, तिच्यावर चोराचा डोळा असतो. दाढीच्या पात्यांचं पाकीट यातल्या प्रत्येक कसोटीला उतरतं. तेव्हा काही माल राखावा लागणार, हे मला मान्य आहे. तो कसा राखता, यावर माझं बोलणं आहे.

आता कुलपाबद्दल, कारण तो माझा विषय आहे. तुमच्या खरेदी विभागाकडून मला 'हाय सिक्युरिटी' या दोन शब्दांची मागणी येते. लायनस येल (धाकटे) यांनी १८६१ मध्ये पेटंट घेतलेलं पिनांचं सिलिंडर आजही घरोघरी आहे: आत स्प्रिंगवर बसलेल्या पितळी पिना, किल्लीच्या खाचांनी त्या नेमक्या उंचीवर आल्या की नळी फिरते. महागड्या कुलपांत त्यात भर असते. पिना नुसत्या उचलून भागत नाही, त्या ठरावीक कोनात फिरवाव्याही लागतात, किंवा बाजूने एक जादा अडसर असतो. फिनलंडमध्ये एमिल हेन्रिक्सन यांनी १९०७ मध्ये चकत्यांचं कुलूप काढलं, त्यात स्प्रिंगच नाही. अशी कुलपं हातात घेतली की मला आजही आनंद होतो. धातूवर इतकं बारीक काम करणाऱ्या माणसांबद्दल आदर वाटतो.

पण ही कुलपं कशासाठी बनली? हत्यारांनी उघडायला बसलेल्या माणसाला थकवण्यासाठी, ड्रिल रोखण्यासाठी आणि परस्पर नकली किल्ली बनू नये म्हणून. लंडनमध्ये ब्रामा या कुलूपकारांच्या दुकानाच्या खिडकीत १७९० पासून एक कुलूप मांडलेलं होतं. जो उघडेल त्याला २०० गिनी, असं आव्हान होतं. ते उघडलं १८५१ मध्ये, आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिराने, १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून. उत्तम कुलूप जो वेळ विकत घेऊन देतं, तो हा. तुमच्या कपाटासमोर असं कोणी बसत नाही. तिथल्या चोराकडे मोजके सेकंद असतात, आणि तेवढ्यात कुलपाला हात लावायची त्याला गरजही नसते. समोर काच आहे. टफन काचेला कोपऱ्यात एक टणक फटका बसला की सगळी काच दाण्यांचा ढीग होऊन खाली येते. सरकत्या काचांना लागणारं कुलूप तुम्ही पाहिलं असेल: एका काचेच्या कडेला अडकवलेली दातेरी पट्टी आणि तिच्यावर सरकणारी गोळी, म्हणजे छोटंसं गोल कुलूप. ती गोळी कितीही भारी बसवा, पट्टी पातळ पत्र्याची आणि काच ढिल्या खाचेत असते. कितीदा तरी मी पाहिलं आहे, की काच नुसती वर उचलून खालून बाहेर निघते आणि कुलूप जागच्या जागी शाबूत राहतं. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तसं हे आहे.

याहून गंभीर गोष्ट पुढे आहे आणि ती कृपया तुमच्या सुरक्षा विभागाने दोनदा वाचावी. कुलूप अभेद्य झालं, काचही जाड केली, की चोराला एकच सोपा रस्ता उरतो: किल्ली ज्याच्या कमरेला आहे तो माणूस. माल फडताळावर उघडा असतो तेव्हा चोराचं भांडण मालाशी असतं. तो काचेमागे गेला की तेच भांडण तुमच्या सर्वांत कमी पगाराच्या माणसाशी होऊ शकतं. मजबूत कुलूप मागवताना हा हिशेब कोणी मांडल्याचं मला आजवर दिसलेलं नाही.

आणि त्या किल्ल्या! महागडं कुलूप मागवून सोबत तुमच्यापैकी काहीजण लिहितात, की सगळ्या कपाटांना एकच किल्ली चालली पाहिजे. एका शाखेतल्याच नव्हे, कधी कधी सगळ्या शाखांतल्या. सोय म्हणून हे समजतं. पण मग एक किल्ली हरवली, एक माणूस नोकरी सोडताना ती परत द्यायला विसरला, की तुमची हजार कुलपं त्या दिवसापासून शोभेची झाली. मास्टर किल्लीच्या पद्धतीत प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असते, पण एक किल्ली सगळ्यांना चालते. तिच्यातही असाच धोका आहे. संगणक सुरक्षेचे अभ्यासक मॅट ब्लेझ यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं, की एका साध्या किल्लीवरून आणि तिच्या एका कुलपावरून, थोड्या कोऱ्या किल्ल्या घासून, अख्ख्या इमारतीची मास्टर किल्ली काढता येते. आमच्या जुन्या कारागिरांना हे माहीत होतं, ते बोलायचे नाहीत इतकंच. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या संशोधकांनी लांबून काढलेल्या फोटोवरून किल्लीच्या खाचा वाचून दाखवल्या. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या बॅगा तपासणाऱ्यांच्या मास्टर किल्ल्या छापून आलेल्या एका फोटोवरून थ्रीडी प्रिंटरवर तयार झाल्या. आणि तुमच्याकडे तर त्या किल्ल्या स्प्रिंगच्या दोरीला बांधून दिवसभर मनगटावर लोंबत असतात, शेकडो मोबाइल कॅमेऱ्यांपुढे.

नळीसारख्या गोल किल्लीची कुलपं अजून मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्या जातीची सायकलची भारी कुलपं बॉलपेनच्या प्लॅस्टिकच्या नळीने उघडतात हे २००४ मध्येच जगजाहीर झालं. ती बदला. यावर जास्त बोलायची गरज नाही.

पैशांचंही बोलायला हवं, कारण तुमच्या बैठकीत शेवटी तोच आकडा पुढे येतो. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशन या दुकानदारांच्या संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत २०२२ या वर्षातली मालाची घट, म्हणजे न विकताच नाहीसा झालेला माल, विक्रीच्या सरासरी १.६ टक्के निघाली. त्या घटीतला बाहेरच्यांनी केलेल्या चोरीचा वाटा ३६ टक्के. २९ टक्के आतल्या माणसांच्या चोरीचा, २७ टक्के मोजणी-नोंदणीतल्या आणि कामकाजातल्या चुकांचा. म्हणजे गेलेल्या मालातला निम्म्याहून जास्त माल ज्या वाटेने गेला, तिथे काच आणि कुलूप जवळपास निरुपयोगी आहेत. कुंपणानेच शेत खाल्लं असेल तर कुंपणाला कुलूप लावून काय होणार? नुसती मोजणी नीट केली तरी किती घट 'चोरी' या सदरातून बाहेर पडेल, ते आधी बघा. त्याच संघटनेला २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपल्या एका अहवालातला दावा मागे घ्यावा लागला. जवळपास निम्मी घट संघटित टोळ्यांमुळे होते, असा तो दावा होता आणि त्यावर तोवर भरपूर चर्चा झडली होती.

वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या साखळीचे तेव्हाचे वित्तप्रमुख २०२३ च्या जानेवारीत गुंतवणूकदारांसमोर म्हणाले होते, की आदल्या वर्षी चोरीच्या नावाने आम्ही कदाचित जरा जास्तच रडलो. दोन वर्षांनी त्याच कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्यांनी कबूल केलं, की वस्तू कुलपात ठेवल्या की त्या तितक्याशा विकल्या जात नाहीत. हे त्यांनी उघडपणे सांगितलं याचं मला कौतुक वाटतं. मी कपाटांपुढे तासन् तास बसतो, त्यामुळे मला ते आकड्यांशिवाय कळतं. लोक येतात, काचेतून बघतात, बटणाकडे बघतात, घड्याळाकडे बघतात आणि निघून जातात. चोरीला गेलेली वस्तू तुमच्या खात्यात घट म्हणून दिसते. न घेता परत गेलेल्या माणसाची नोंद कुठल्याच वहीत होत नाही, म्हणून तुम्हाला कुलूप फायद्याचं वाटतं.

कोणत्या वस्तूला कुलूप लागतं, हेही तटस्थ नसतं. अमेरिकेत वॉलमार्टच्या काही दुकानांत कृष्णवर्णीयांच्या केसांसाठीची उत्पादनं काचेमागे आणि बाकीची शेजारी उघडी, असा प्रकार होता. त्यावरून खटला झाला, वर्षानुवर्षं तक्रारी झाल्या आणि २०२० च्या जूनमध्ये कंपनीने ती पद्धत बंद करत असल्याचं जाहीर केलं. इतर साखळ्यांनीही मग तेच केलं. कोणी मुद्दाम अपमान करायचा म्हणून ते कुलूप लावलं नसेल. आकड्यांच्या तक्त्यात एक रकाना लाल दिसला असेल. पण काचेपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला तक्ता दिसत नाही. त्याला इतकंच कळतं, की या दुकानाने मला चोर धरलं आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

आता माझ्या मागण्या.

सॅनिटरी पॅड, मोठ्यांचे डायपर, गर्भनिरोधकं, गर्भचाचणीची किट, उवांचं औषध, कवळी चिकटवायची पेस्ट, अशी जी वस्तू माणूस गपचूप घेऊन जातो, तिच्यावर बटण दाबून घोषणा करून उघडून घ्यावं लागेल असं कुलूप लावू नका. कितीही घट आली तरी नका. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी ते बटण दाबून सगळ्या दुकानाची घोषणा ऐकत उभी राहणार नाही. ती काहीही न घेता घरी जाईल.

बाकी मालात ज्यांची चोरी खरोखर मोजलेली आहे, तेवढ्याच मोजक्या वस्तू कुलपात ठेवा, आणि त्या कपाटाजवळ कामाच्या सगळ्या वेळात किल्ली असलेला माणूस ठेवा. गल्ल्यावरून पळत येणारा नव्हे. ज्याचं तेच काम आहे असा. तो तिथे असला की अर्ध्या वस्तूंना कुलूप लागणारच नाही, कारण चोराला सर्वांत नको असतं ते कोणीतरी "काही हवंय का?" म्हणून विचारणं. एखाद्या कपाटासाठी असा माणूस परवडत नसेल, तर ते कपाट उघडं ठेवा. फडताळावर दोन-तीनच नग मांडा, बाकीचे आत ठेवा. एका वेळी एकच नग बाहेर देणारे आणि पुढच्या नगाला काही सेकंद लावणारे कप्पे मिळतात. प्रामाणिक गिऱ्हाइकाला ते जाणवतही नाहीत आणि पिशवीत लोटणाऱ्याची मात्र अडचण होते. मोबाइल नंबर टाकून किंवा ॲपवरून उघडणाऱ्या कपाटांचे प्रयोग सुरू झाले आहेत. साबण बघण्याआधी माणसाने आपली ओळख नोंदवावी, हे मला पटत नाही, आणि ज्याच्या हातात तसा फोन नाही त्याला तर तिथे वाटच नाही.

जिथे कुलूप राहणार, तिथे बटण दाबल्यापासून दार उघडेपर्यंतचा वेळ मोजा. घटीचा आकडा दर महिन्याला मागवता, त्याच कागदावर हाही मागवा. शाखेगणिक किल्ली वेगळी ठेवा, प्रत्येक किल्लीवर क्रमांक टाका, संध्याकाळी ती मोजून आत जमा करा, आणि ज्याचं सिलिंडर जागेवर बदलता येतं असंच कुलूप घ्या, म्हणजे किल्ली हरवली तर त्याच दिवशी ते बदलता येईल. भारी कुलपावरचे पैसे वाचतील ते इथे लावा. आणि किल्ली बाळगणाऱ्या मुलामुलींना लेखी द्या, की कोणी धमकावून मागितली तर किल्ली देऊन टाकायची आणि त्याबद्दल त्यांना एका शब्दानेही विचारलं जाणार नाही.

त्या दिवशी काढलेलं सिलिंडर अजून माझ्या कामाच्या टेबलावर आहे, त्याच्या शेजारी किल्लीचा तो तुटका तुकडा. शाखेच्या व्यवस्थापकांना मी विचारलं होतं, नवीन बसवू की हे कपाट उघडंच ठेवायचं? त्या म्हणाल्या, "ते आमच्या हातात नाही, वर विचारलंय." अजून उत्तर आलेलं नाही. कपाटाला सध्या कुलूप नाही, आणि परवा तिथून गेलो तेव्हा एक बाई दार सरकवून हवं ते पाकीट आपल्या हाताने घेत होत्या.

तुमच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला नम्र,
एक कुलूप कारागीर